विदर्भातील ग्रामीण भागात जुनी डिझेल गाडी घेऊन दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली जीप पाहून ती विकत घ्यावी आणि पुन्हा रस्त्यावर आणावी, असे ज्यांच्या मनाने घेतले आहे, त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारा व्यवसायाने मिस्त्री नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करता करता तीन जुन्या डिझेल गाड्या उभ्या करण्याच्या खटाटोपात जे शिकायला मिळाले, तेवढेच येथे मांडले आहे.

पहिला प्रकल्प म्हणून पेट्रोलऐवजी डिझेल गाडी का निवडावी?

याचे सर्वांत मोठे कारण आपल्या आजूबाजूलाच आहे. ज्या गावात ट्रॅक्टर आहे, त्या गावापासून फार लांब नसलेल्या कोणत्या तरी फाट्यावर डिझेल इंजिन खोलणारा माणूस असतोच. जुन्या डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणूनच हवा, इंधन आणि कॉम्प्रेशन (म्हणजे हवेवर पडणारा हा दाब) या तीन गोष्टी ठीक असतील, तर गाडी चालू झालीच पाहिजे आणि होत नसेल तर दोष याच तिघांत शोधावा लागतो. दुसरे असे की, पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे जुन्या पेट्रोल गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटर यांचा वेगळा प्रश्न निर्माण झाला आहे. तो डिझेल गाडीला लागू होत नाही.

हे सारे डिझेल फवारण्यासाठी यांत्रिक पंप असलेल्या इंजिनांबाबत आहे. कॉमन रेल प्रकारच्या, म्हणजे डिझेलचा फवारा संगणक नियंत्रित करतो अशा इंजिनाला दोष शोधायला स्कॅनर लागतो, त्याचे इंजेक्टर महाग असतात आणि धुळीत उघड्यावर ते खोलता येत नाहीत. अशी गाडी पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नये.

कोणते मॉडेल घ्यावे?

ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात ते. आपल्याकडे याचा अर्थ बहुतेक वेळा महिंद्राच्या जीप, म्हणजे एमएम ५४०, कमांडर, मेजर, जुनी बोलेरो, किंवा १९९४ मध्ये बाजारात आलेली टाटा सुमो असा होतो. महिंद्राच्या जुन्या गाड्यांमध्ये ढोबळमानाने दोन घराण्यांची इंजिने आढळतात : एक फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले, ज्यात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटते, आणि दुसरे थेट पिस्टनवर डिझेल फवारणारे, ज्याला सगळे ‘डीआय’ म्हणतात. डीआय इंजिन खडखडाट जास्त करते, परंतु थंडीत लवकर चालू होते आणि डिझेल कमी पिते. खरेदीच्या आधी आपल्यासमोरचे इंजिन यांपैकी कोणते आहे हे नक्की करावे, कारण बॉनेटखाली पूर्वीच अदलाबदल झालेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

अ‍ॅम्बॅसेडर डिझेल देखणी आणि सोपी आहे, मात्र तिचे दरवाजे, काचांच्या रबरी पट्ट्या आणि आतील साहित्य जमवताना नागपूरच्या फेऱ्या मोजायच्या नसतात. प्रीमियर पद्मिनी १३७ डी आणि डिझेल झेन या गाड्या हौसेच्या आहेत. त्यांच्यासाठी आधीच एक मोडकी गाडी सुट्या भागांसाठी जवळ असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

आधी इंजिन पाहावे की कागद?

आधी कागद, मग सांगाडा आणि सर्वांत शेवटी इंजिन. जवळपास प्रत्येक खरेदीदार हा क्रम उलटा लावतो, कारण इंजिनाचा आवाज मोह घालतो. बिघडलेले इंजिन आपल्या भागात पैसे आणि वेळ देऊन हमखास नीट होते. कुजलेली चॅसिस नीट झाल्यासारखी दिसते, आणि हरवलेले कागद तर दिसतही नाहीत.

नोंदणी पुस्तिका किंवा स्मार्ट कार्ड हातात घेऊन चॅसिस क्रमांक स्वतः जुळवावा. चॅसिसवरील क्रमांक मातीने आणि ग्रीसने भरलेला असतो; तो डिझेलच्या फडक्याने पुसून त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी घासावी, म्हणजे अंक कागदावर उमटतात. एखादा अंक बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका उमटला, अथवा त्याभोवती कानस फिरवल्याच्या रेघा दिसल्या, तर चहा घ्यावा आणि परत यावे.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा वारले आहेत. घ्यावी का?

ग्रामीण भागात हा प्रश्न इतका नेहमीचा आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. मृत व्यक्तीच्या नावावरील गाडी थेट आपल्या नावावर होत नाही. वारसाने आधी नमुना ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद लागतात, आणि वारस एकापेक्षा अधिक असतील तर इतरांची संमतीही लागते. त्यानंतर नमुना २९ आणि ३० द्वारे विक्रीचे हस्तांतरण होते. “आम्ही सगळे भाऊ एकच आहोत” हे वाक्य व्यवहाराच्या दिवशी खरे असते. गाडी रंगवून उभी राहिल्यावर मात्र पुण्याला असलेल्या भावाला तिच्यात बालपण दिसू लागते. संपूर्ण रक्कम नाव बदलल्यानंतरच द्यावी.

पुस्तिकेवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. बोजा एखाद्या पतसंस्थेचा असेल आणि ती पतसंस्था आज अस्तित्वातच नसेल, तर ती धावपळ विक्रेत्याने करायची आहे, आपण नव्हे. हे बोलण्यात आधीच स्पष्ट करावे.

दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

दहा वर्षांची ही मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी घातली गेली होती. महाराष्ट्रात असा नियम नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने २० वर्षांवरील हलक्या मोटार वाहनासाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर आणि मुदत टळून गेली असल्यास विलंबाचे जादा शुल्क. पाच-सहा वर्षे नूतनीकरण न केलेल्या गाडीची किंमत ठरवताना ही सारी बेरीज करून तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवावी लागते.

मग दिल्लीकडून स्वस्तात येणारी गाडी घेणे फायद्याचे नाही का?

क्वचितच. तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर, नवी नोंदणी, आणणावळ हे सारे जोडल्यावर स्वस्ताईचा बराचसा भाग उडून जातो. शिवाय ती गाडी इथल्या मिस्त्रीने कधी पाहिलेली नसते. वर्धा किंवा वाशीमची, एकाच घरात वीस वर्षे राहिलेली गाडी थोडी महाग पडली तरी तिची सगळी कुंडली शेजारीपाजारी सांगतात.

सरकारी लिलावातील जीप घ्यावी का?

१५ वर्षांहून जुनी असल्यास नाही. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या अशा गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि त्या अधिकृत भंगार केंद्रातच जाणे अपेक्षित आहे. कुणी तशी गाडी दाखवत असेल तर तिचे सुटे भागही घेऊ नयेत, हे माझे वैयक्तिक मत.

काळी-पिवळी म्हणून चाललेली जीप कशी ओळखावी?

पिवळ्यावर पांढरा रंग मारला तरी दाराच्या बिजागरीच्या आत, डॅशबोर्डच्या मागे आणि मागील बाकाच्या पायांशी मूळ रंग शिल्लक राहतो. मागच्या पायरीचे लोखंड बुटांनी झिजून चकचकीत झालेले असते. अशा गाडीत वाईट काही नाही. ती रोज चालली, म्हणजे रोज तिची देखभालही झाली. मात्र स्प्रिंगचे पाटे थकलेले असतात, आणि प्रवासी वाहन म्हणून असलेली नोंद खासगीत बदलून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

सांगाडा आणि पत्रा तपासताना विदर्भात विशेष काय पाहावे?

खताच्या खुणा. आपल्याकडच्या कित्येक जीपांनी माणसांपेक्षा युरियाच्या गोण्या जास्त वाहिल्या आहेत. रासायनिक खत हवेतील ओलावा शोषून घेते आणि गोणीतून सांडलेले दाणे मागच्या फळीच्या सांध्यांत शिरून पत्रा आतून खातात. म्हणून रबरी चटई उचलावी आणि चाकावरील कमानीच्या कोपऱ्यात, फळी जेथे चॅसिसच्या आडव्या पट्टीला टेकते तेथे, बोटाने खरवडून पाहावे. पांढरट खपली आणि तिच्याखाली पापुद्रे सुटणारा तांबूस पत्रा सापडला, तर हातोडीच्या दांड्याने चॅसिसवर टकटक करावी : निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. पत्रा बदलता येतो, तो खर्च मोजून घ्यावा. चॅसिस बद्द वाजत असेल तर इंजिन कितीही गोड असो, सौदा तेथेच सोडावा.

गडचिरोली, गोंदिया, भंडारा या धानाच्या आणि जास्त पावसाच्या पट्ट्यातील गाड्या खालून अधिक गंजलेल्या असतात, तर कापसाच्या काळ्या मातीत फिरलेल्या गाड्यांमध्ये वाळलेला गारा चॅसिसच्या पोकळीत वर्षानुवर्षे बसून ओल धरून ठेवतो. खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून मगच तपासणी करावी. वरून धुतलेल्या गाडीबद्दल मात्र आमच्या मिस्त्रीचे म्हणणे लक्षात ठेवावे : “गाडी धून आनली म्हंजे इंजिन नवं होत नाही, भाऊ.”

इंजिनाची परीक्षा कशी घ्यावी?

सकाळी लवकर, न सांगता जावे आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. हा नियम मी पहिल्या जीपच्या वेळी पाळला नाही. एप्रिलच्या दुपारी विक्रेत्याने चावी फिरवली, गाडी अर्ध्या फेरीत चालू झाली आणि मी बयाणा देऊन मोकळा झालो. डिसेंबरात गहू ओलवण्याच्या दिवसांत तीच गाडी रोज पहाटे चार माणसांच्या धक्क्याशिवाय हलेना, कारण कॉम्प्रेशन गेलेले होते आणि ते त्या दिवशीच्या उन्हाने आणि आधीच तापवलेल्या इंजिनाने झाकले होते.

थंड इंजिन चालू झाल्यावर तेल भरण्याच्या जागेचे झाकण काढून तेथेच उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर चालेल. उडून पडत असेल आणि आतून धुराचे लोट येत असतील, तर ज्याला मिस्त्री ‘बॅक मारणे’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा दाब अडवत नाहीत. डीपस्टिकवरचे तेल काळे असेल तर घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे तेलही थोड्याच वेळात काळे होते. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर मात्र पाणी तेलात मिसळले आहे असे समजावे.

यापूर्वी इंजिन उघडले गेले असेल, तर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) कितीवर आहे हे अवश्य विचारावे. ग्राइंडिंग करताना क्रँक दर वेळी थोडा बारीक होतो आणि मिस्त्री ते इंचाच्या हजाराव्या भागांत दहा, वीस, तीस असे सांगतात. तीसवर गेलेल्या क्रँकमध्ये पुढच्या वेळेसाठी फारसे काही उरत नाही.

धुराच्या रंगावरून काय कळते?

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. पुष्कळदा नुसता एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे. थंडीत सुरुवातीला येणारा आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, त्यात नोझल (डिझेल फवारणारे तोंड), टायमिंग (फवाऱ्याची वेळ) किंवा थंडीत आतली हवा तापवणाऱ्या हीटर प्लगचा दोष संभवतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधली पट्टी) गेले आहे. प्रदूषण तपासणीत जुन्या, म्हणजे भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत (हे धुराच्या गडदपणाचे माप) धूर चालतो. बरी स्थिती असलेले इंजिन ही परीक्षा सहज पास होते.

पंप आणि नोझलचे काम गावात करावे की शहरात?

नोझल काढणे आणि बसवणे गावात, तपासणे मात्र टेस्टर असलेल्या पंपवाल्याकडेच. हे काम एकदा समोर बसून पाहावे. पंपवाला नोझल टेस्टरला जोडतो आणि दांडा दाबतो. काटा चढत जातो आणि नेमक्या दाबाला, कोठडीच्या इंजिनात साधारण सव्वाशे बारच्या आसपास आणि डीआयमध्ये दोनशे किंवा त्याहून जास्त, नोझल कर्रकन आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडते. खराब नोझल पिचकारी मारते, किंवा फवाऱ्यानंतर तिच्या टोकाशी थेंब लोंबत राहतो. तो लोंबणारा थेंब म्हणजेच तुमचा काळा धूर आणि पिस्टनवर पडणारे भोक. त्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. एवढ्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते, आणि जखम लहान दिसली तरी ती शस्त्रक्रियेची बाब असते.

पंप दोन प्रकारचे असतात. इनलाइन पंपाला स्वतःचे तेल असते, रोटरी पंपाला मात्र डिझेलच वंगण पुरवते. त्यामुळे टाकीत पाणी किंवा हवा गेली की रोटरी पंप आधी मरतो. अनेक वर्षे कोरडा पडलेला पंप चालू केल्यावर सांध्यांतून गळू लागतो, कारण आतील रबरी सील वाळून आखडलेले असतात. तेव्हा पंप बिघडला असे समजून नवा घेऊ नये, सील किट बदलून पाहावे. “मायकोचा पंप आहे” असे कौतुकाने सांगितले जाते. मायको हे बॉश कंपनीचेच भारतातील जुने नाव.

पिंपात साठवलेले डिझेल पावसाळ्यात पाणी धरते. ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या पिंपातून गाडीत डिझेल टाकायचे असेल, तर पिंप रात्रभर न हलवता ठेवावे आणि तळाचे चार बोटे डिझेल सोडून द्यावे.

गाडी घरी आणल्यावर कामाचा क्रम काय असावा?

इंजिन लगेच उघडू नये. आधी थांबण्याची सोय : ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या, टाय-रॉडचे एंड (स्टीअरिंगचे सांधे) आणि टायर. टायरवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी खोल दिसत असली तरी दहा वर्षांचे टायर मे महिन्याच्या डांबरावर फुटतात. त्यानंतर टाकी उतरवून धुणे, सगळे फिल्टर आणि तेल बदलणे, फीड पंपाने डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा काढणे. मग पाचशे किलोमीटर चालवावी आणि वहीत तेल, पाणी, धूर यांची नोंद ठेवावी. कित्येक इंजिने एवढ्यानेच शहाण्यासारखी वागू लागतात, आणि ज्यांना खोलावेच लागते त्यांचा आजारही या वहीत नेमका सापडतो. रंगकाम अगदी शेवटी. ते आधी करणाऱ्यांच्या गाड्या सुंदर दिसतात आणि अंगणातच उभ्या असतात.

रेडिएटरमध्ये कोणते पाणी टाकावे?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग आहे, तेथील बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालणे म्हणजे हेड आतून कुरतडायला देणे. इतरत्रही बोअरच्या पाण्याने क्षार साचतात आणि चंद्रपूरकडचा पंचेचाळीसच्या वरचा उन्हाळा त्याची लगेच वसुली करतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट एकत्र करून वापरावे. “गाडी तापते” म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती चूक आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते. आधी रेडिएटर सोडवून साफ करून घ्यावा.

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतले तर चालेल का?

इंजिनाचे चालेल, ब्रेक आणि स्टीअरिंगचे पाहून ठरवावे. ट्रॅक्टर ताशी वीसने चालतो, जीप साठने. मिस्त्री चांगला की नाही हे त्याच्या टॉर्क रेंचवरून (नट ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) ओळखावे : तो असेल आणि त्यावर धूळ नसेल तर गाडी निर्धास्त सोपवावी. पेरणी आणि मळणीच्या दिवसांत त्याच्याकडून तारखेची अपेक्षा ठेवू नये. त्या काळात शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आधी आणि आपली हौस नंतर, हे योग्यच आहे.

दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले तर?

परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी हवी आणि नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीत चढवावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये ही तरतूद आहे. त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे इंजिन असेल तर मार्ग सरळ असतो. इंजिनाच्या खरेदीची पावती मात्र भंगारवाल्याकडून त्याच दिवशी घ्यावी, कारण पुढच्या महिन्यात त्याला आपला चेहराही आठवत नाही.

विमा उभ्या गाडीचाही काढावा का?

सार्वजनिक रस्त्यावर चाक टेकवण्याआधी तृतीय पक्षाचा विमा हवाच, चाचणीसाठी फाट्यापर्यंत नेतानासुद्धा. गाडी खरेदीच्या जागेवरून ओढून आणण्याऐवजी टेम्पोवर चढवून आणावी. ब्रेक नसलेली जीप दोराने ओढत आणताना उतारावर काय होते, ते मी एकदा पाहिले आहे आणि पुढच्या ट्रॅक्टरची ट्रॉली अजूनही वाकलेली आहे.